मधेच सोडून गेलेले

लेखावर सही? करते की – पेन काय, खिशातच आहे – पण आधी बस. विभागप्रमुख झालास म्हणून काय उभ्या उभ्याच बोलायचं? माझ्याच हाताखाली शिकलायस. मला एवढंच सांग, गुडघेदुखीवर आपल्या गोळीनं इतका गुण आला म्हणतोस, मग मधेच गोळी सोडून गेलेले पेशंट हिशेबात का नाहीत? – काय म्हणालास? आकडेवारीवाल्याला माहीत? वा रे वा! लेखावर नावं तुझी नि माझी, आणि माहीत मात्र त्याला! उद्या एखादी आजी गोळी पुढं धरून विचारेल, डॉक्टर, ही मला चालेल ना? – तर काय, त्याचा फोन नंबर देऊ?

त्याला नाही बोल लावत मी. त्यानं विचारलं होतं तुला, ह्यांना वगळू का म्हणून – तू म्हणालास, वगळ. हो, गेले होते त्याच्याकडे. नको जीव करून सोडला त्याला. मग त्या सोडून गेलेल्यांना फोन लावले. एक बाई म्हणाल्या, गोळी घेतली की घर गरगर फिरायचं. न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं. बाकीच्यांचंही तेच – चक्कर. म्हणजे ज्यांना सोसली, तेवढेच मोजले आपण! मग येईल नाहीतर काय गुण!

आमचे हे होते तेव्हा माझी सगळी आकडेमोड हेच करायचे ना – पण निकाल असा आयता हातात द्यायचे नाहीत. म्हणायचे, आधी तुझ्या शब्दांत सांग, मग नाव घाल. काय भांडायचो आम्ही! ताटं गार व्हायची. रडकुंडीला यायचे मी, पण कळायचं. आता घरी... भांडायलाही कुणी नाही. परवा त्या मनगटवाल्या बाईंशी तासभर बोलत बसले – चकरेचं केव्हाच सांगून झालं होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, डॉक्टर, ठेवू का आता?

जाऊ दे. कुठल्या कुठे गेले मी. – काय? माझं नाव काढून छापशील? मग मी संपादकांना कळवीन. धमकी नाही रे, तोंडावर सांगतेय. नाहीतर त्या सगळ्यांना धरून पुन्हा मांडा, आणि काय मांडलं ते तू तुझ्या तोंडानं मला समजावून सांग. इथं बसून. लागू दे हवा तेवढा वेळ, मला कुठं जायचंय...

नाही, चहा नको. जा तू. दार ओढून घे.