बैल आप्पांचा, कोड बादलचा

चहा निवायच्या आत सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मी घरून रचून आणलंय. कारेगावचा बाळू बैलगाडा शर्यतीची गाणी करतो. त्याचं ‘बादल’ बैलाचं गाणं गाजलं, म्हणून आमच्या गावच्या आप्पांनी आपल्या सर्जा बैलाचंही करवून घेतलं. बाळूनं फक्त बैलाचं नाव बदललं आणि ऑनलाइन टाकताना बादलच्याच गाण्याचा कोड भरला.

मी म्हटलं, “अरे, प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा कोड लागतो. त्यावरूनच ॲप गाणं ओळखतं आणि वाजवतं.”

“चाल तर तीच हाय की!”

शर्यतीच्या दिवशी सर्जा जुंपलेला, आप्पांना दम निघेना. “आरं, लाव की लवकर!” बाळूनं मोबाइल स्पीकरला जोडला, सर्जाचं गाणं दाबलं आणि वाजलं बादलचं! पुन्हा दाबलं, पुन्हा बादल. बादलचा मालक तर नाचायलाच लागला. आप्पा बाळूच्या अंगावर धावले, तेवढ्यात शर्यत सुटायचा झेंडा पडला. परक्या बैलाचं कौतुक ऐकून सर्जा असा चिडून सुटला, की गाड्यापुढं पळणारी घोडी मागं राहिली. पहिला नंबर!

बाळूनं हात जोडले. “आप्पा, उद्याच कोड बदलतो.”

“हात तर लावून बघ! पुढल्या शर्यतीलाबी बादलचंच वाजलं पायजे.”