फाडण्याआधी उलटून बघावं

...आणि वर सासूबाई मलाच विचारतात, "फाडण्याआधी कागद उलटून बघायला काय होतं गं तुला?" आता काय सांगू? चूक माझी, मान्य. शंभरदा मान्य. पण तुम्ही तरी आधी ऐकून घ्या, मग काय नावं ठेवायची ती ठेवा.

तर माझं काम असं, की शाळेच्या पुस्तकांतले नकाशे छापायला जाण्याआधी मी घरी बसून तपासते. नदी समुद्राकडेच वाहतेय ना, गावाचा ठिपका बरोबर काठावर आहे ना, डोंगर कुणी शेजारच्या देशात तर नाही ढकलला... असलं. आणि आमच्यात एक सवय हाडीमासी खिळलेली असते, चुकीच्या नकाशावर लाल फुली मारायची आणि त्याचे चार तुकडे करायचे. अख्खा ठेवला की कुणीतरी नेमका तोच छापायला धाडतो. एकदा झालंय तसं, पाचवीच्या पुस्तकात एक सरोवर डोंगराच्या टोकावर जाऊन बसलं होतं. तेव्हापासून लाल फुली दिसली की माझे हात आपोआप चालतात. एक उभा, एक आडवा, टोपली.

मागच्या महिन्यात एका सकाळी टेबलाखाली अकरा कागद सापडले. सगळ्यांवर माझ्याच हातची फुली. म्हटलं, हे राहिले कसे? टर्र, टर्र. अकरा चोक चव्वेचाळीस. जरा बरंही वाटलं हो, चला, एक काम हातावेगळं झालं... आणि टोपलीत पडता पडता एक तुकडा उलटला. पाठीवर जांभळ्या खडूनं काढलेला डोंगर. डोंगराला डोळे.

माझ्या लेकीचा देश होता तो. सात वर्षांची आहे, दिसेल ते साठवते म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. तीन महिने माझ्या टाकाऊ कागदांच्या पाठीवर ती देश वसवत होती. मला माहीत नव्हतं का? होतं ना. रोज येऊन म्हणायची, "आई, माझ्या देशात आज काय झालं सांगू?" आणि मी संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता, "दोन मिनिटं हं, बाळा." तुम्हाला सांगते, ती दोन मिनिटं तीन महिने चालली होती.

घड्याळात साडेदहा. शाळा सुटते साडेबाराला. बरं, एकेक कागद जुळवणं सोपं, कारण मागे माझाच नकाशा छापलेला, तो जुळला की पुढचा जुळला. चिकटपट्टी लावत गेले. दहा कागद पुरे झाले, अकरावा पाऊणच, एक तुकडा कुठे गेला कोण जाणे. पण हे अकरा कागद एकमेकांना लावायचे कसे? कुठला डोंगर कुठल्या समुद्राशेजारी? दहा वर्षं जगाचे देश तपासतेय मी, आणि माझ्याच घरातल्या देशाची उत्तर दिशा मला ठाऊक नाही. चूक माझी, मान्य, पण विचारणार कुणाला?

"तो डोळेवाला डोंगर डावीकडे घे. तिथं मी राहते." सासूबाई. गुडघे धरत खुर्चीत बसल्या.

"तुम्ही?"

"न्यायाधीश आहे मी तिथली. तुला नाही सांगितलं तिनं?"

सांगितलं असणार. सांगितलंच असणार हो...

मग काय, मी फरशीवर रांगतेय आणि वरून निवाडे येताहेत. "ते झोपाळूंचं गाव, त्या डोंगराच्या पायथ्याशी. तुझा नवरा तिथला मुख्य घोरणारा. जरा सरकव, त्याचं घोरणं मला ऐकू येतं."

"आणि हे कोण? सगळे रांगेत, पाठमोरे?"

"ते थांबे. त्यांना काही विचारलं की म्हणतात, दोन मिनिटं हं. त्यांची दोन मिनिटं म्हणजे इतरांचं एक वर्ष." मग छताकडे बघत, "मी काही बोलत नाही बाई." बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

तेवढ्यात त्या दूध बघायला आत गेल्या आणि माझ्या हाती नदीचा कागद आला. नदी समुद्रातून निघून डोंगरावर चढत होती. चक्क बाण काढलेले. आता माझे हात गप्प बसतील? कागद फिरवला, नदी समुद्राला नेऊन मिळवली, वर घसघशीत चिकटपट्टी मारली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

खारू दारातून आली ती दप्तरासकट नकाशासमोर उभी राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

"नदी उलटी लावलीस."

"अगं, नदी डोंगरात उगम पावते आणि..." माझाच आवाज ऐकून माझी मला लाज वाटली. कुणाला शिकवतेय मी?

"आजीचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "ती पाण्यासाठी खाली कशी उतरणार? म्हणून नदी वर जाते."

दहा वर्षांत एकाही नदीला मी विचारलं नव्हतं, बाई गं, तू निघालीस कुणासाठी?

"तू फाडलास?"

वाऱ्यानं फाटला, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण न्यायाधीश दारात उभ्या होत्या. "हो. मीच."

"बघून?"

"न बघता."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला. "मला वाटलं, चुकीचा आहे म्हणून फाडलास."

तुम्हाला सांगते, न बघता फाडलं म्हणून पोरगी सुखावली. आता ही सुटका म्हणायची की शिक्षा?

हरवलेला तुकडा तिनंच शोधला, माझ्या चपलेच्या तळाला चिकटला होता. त्यावर एक बेट. बेटावर टेबल, टेबलाशी पाठमोरी बाई. जवळपास होडीसुद्धा नाही.

"ही तू. थांब्यांची राणी."

तो तुकडा लावला, नदी सोडवून पुन्हा डोंगरावर चढवली, आणि निघालेली जुनी चिकटपट्टी आडवी पडली ती थेट समुद्रावरून माझ्या बेटापर्यंत चिकटली. खारूनं डोकं तिरकं करून बघितलं. "चालेल. हा पूल." मला असं भरून आलं म्हणता... "पण पुलाला फाटक लागणार. किल्ली आजीकडे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता काम आवरते आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहते. नकाशापाशी आजी-नातीच्या हसण्याचा आवाज नुकताच थांबलेला असतो. "येऊ का पुलावरून आत?"

सासूबाई पेपरातून मानही वर करत नाहीत. "दोन मिनिटं हं."

चूक माझी, मान्य. म्हणून उभी असते. तिथली दोन मिनिटं केवढी असतात, ते तुम्हाला सांगितलंच आहे.