एकाच सुरावरचा आवाज

झेरॉक्सच्या दुकानात एक मशीन, दोन स्टुलं आणि दुकानदार धरून आम्ही चौघं होतो. माझ्यापुढे कॉलेजच्या गायकवृंदाच्या मॅडम नव्या गाण्याच्या प्रती काढून घेत होत्या. सोबत त्यांची विद्यार्थिनी होती. मशीनचा हिरवा उजेड दोघींच्या चेहऱ्यांवरून हळूहळू सरकत होता.

"मॅडम, माझी प्रत नका काढू. मी नाव मागे घेते."

"का गं? वृंद सगळ्यांसाठी आहे."

"मला एकच सूर लागतो. दादा म्हणतो, तू नुसते ओठ हलव."

"दादाला म्हणावं, आधी स्वतःचं घोरणं ऐक. हे गाणं मी मुद्दाम निवडलंय. यात खालचा आवाज शेवटपर्यंत एकाच सुरावर राहतो."

"कंटाळत नाही तो?"

"बाकीचे आवाज लांब भटकून येतात. ते परततील तेव्हा कुणीतरी घरी नको का?"

"आणि मी घसरले तर?"

"या मशीनचं घुमणं ऐक. डोळे मीट आणि त्यात मिसळून जा."

"इथे? लोक आहेत."

"रांगेतले लोक कुठे पळून जाणारेत!"

ती गुणगुणू लागली. मी मोबाइलवर सूर मोजणारं अ‍ॅप उघडलं. दोनशे हर्ट्झ. प्रती संपल्या, मशीन थांबलं. त्यानंतर नऊ सेकंद आकडा दोनशेच राहिला.