अनुस्वाराची चांदणी

सिरसाळ्यात फ्लेक्सच्या दुकानात माझा नंबर लागायला वेळ होता, म्हणून कान मोकळे होते. पुढं दोघी मायलेकी, लेकीच्या शिवणकामाच्या नव्या दुकानाची पाटी करायला आलेल्या.

"सुरजभाऊ, नाव 'चांदणी'. अक्षरं ती चंद्र-ताऱ्यांचीच घ्या."

"ताई, लई झगमगतात. लांबून वाचता येत न्हाईत."

"असू द्या. आभाळ खाली उतरल्यावानी दिसंल."

"दीपे, आभाळ बघायला गिऱ्हाईक येतंय व्हय? साधी अक्षरं घे."

"माय, तुला कुठं वाचता येतंय? तुला साधी काय अन् ताऱ्यांची काय!"

"तेच म्हणते. आमी आता ऊसतोडीला जातोत. माघारी आल्यावर एवढ्या दुकानांत तुजं कोणतं, कसं वळखू?... भाऊ, हे वर काय चमकतंय?"

"मावशी, तो 'चां'वरचा अनुस्वार. ह्या फॉन्टमध्ये टिंबाची चांदणी केलीय."

"नावात एकच हाय?"

"एकच."

"मग तेवढी ठेवा. बाकी अक्षरं साधी करा. लोकायला नाव वाचता येईल, मला चांदणी दिसंल."

"अन् भाऊ, ती मोठी करा. माय ट्रकातून उतरायच्या आधी दिसली पाहिजे."