वाईट बातमी अडवून ठेवतात

धक्क्याला कायमच्या बांधलेल्या, आता संग्रहालय झालेल्या त्या जुन्या पाणबुडीत, टॉर्पेडोच्या वर टांगलेल्या अरुंद बंकवर, लोर्नाला झोप लागत नव्हती. लोखंडाच्या त्या पोटात आपला श्वासही तिला उसना वाटत होता. खालच्या बंकवर, तिच्यासारखेच एका रात्रीच्या मुक्कामाला आलेले बाप आणि मुलगी कुजबुजत होते.

“बाबा, पाय आखड ना. आईपण अशीच चेपून झोपेल?”

“तिची पाणबुडी नवीकोरी आहे, थिया.”

“सोमवारी गेली की बोलायचं कसं?”

“आपण निरोप धाडायचे. तिला सत्तर दिवस उत्तर देता येणार नाही. दिलं तर पाणबुडीचा ठावठिकाणा शत्रूला कळेल.”

“मी जिन्यावरून पडले तर?”

“वाईट बातमी नौदलवाले अडवून ठेवतात. ती परतली की सांगतात.”

“का?”

“मधूनच घरी येता येत नाही, बाळा. उगीच झुरत बसेल.”

“म्हणून तू गप्प आहेस? डॉक्टरांना सापडलेल्या तुझ्या गाठीबद्दल?”

खालचा बंक करकरला; बाप उठून बसला होता.

“तुला कोणी सांगितलं?”

“गॅरेजमधून फोनवर बोलत होतास.”

“तिला कळलं तर ती जायचीच नाही.”

“पण बाबा, आज शनिवार आहे. आई अजून घरीच आहे.”