एका कार्डावर दोघी

(दुपार. छोट्या दवाखान्यातलं बाहेरचं बाकडं. आतल्या खोलीत धाकटी सून खाटेवर पडलेली आहे.)

सासू : हळू बोल. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे तर डोळाही आहे. तो बघ वर, कॅमेऱ्याचा लाल दिवा.

थोरली : असू दे. आई, तिला आधी बेंबीपाशी दुखलं, मग उजवीकडे खाली सरकलं. पहाटेपासून दोनदा ओकली. मला दोन वर्षांपूर्वी अगदी अस्संच झालं होतं.

सासू : सख्ख्या बहिणी तुम्ही. एकीला शिंक आली की दुसरी नाक पुसते. डॉक्टर पित्त म्हणाले ना?

थोरली : कुठले डॉक्टर? ते कॉम्प्युटरच्या काचेत दिसतात, तिकडे लांब कुठेतरी बसून. तिच्या पोटाला हात लावला का कुणी? त्यांनी कॉम्प्युटर वाचला. त्यात लिहिलंय, हिचं अपेंडिक्स काढून टाकलंय. जे पोटात नाहीच ते दुखेल कसं, म्हणून दुखणं थांबवायची गोळी दिली न् झालं.

सासू : गोळीने पडेल आराम.

थोरली : काढलं कुणाचं, आई? टाके माझ्या पोटावर आहेत.

सासू : आणखी जोरात बोल. फाटकावरच्या वॉचमनला नीट ऐकू आलं नसेल.

थोरली : फुकट उपचाराच्या सरकारी कार्डाचे फोटो काढायला माणसं आली, त्या दिवशी तुम्ही मला गिरणीवर बसवलंत. म्हणून माझं नाव त्यात घालायचं राहिलं.

सासू : मग गिऱ्हाईक डबे घेऊन उभं होतं, त्याला काय फोटो दाखवायचा? आणि तुझं पोट दुखलं तेव्हा धाकटीचं कार्ड तुझ्या हातात कुणी ठेवलं? मीच ना? नाहीतर त्या ऑपरेशनात गिरणी गेली असती, जात्यासकट. दोघींचं तोंड एका साच्यातलं. म्हटलं, तू फक्त गप्प राहा. राहिलीस, निभावलं. तुझा नवरा तर म्हणाला, आईला वकील करायला हवं होतं.

थोरली : तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं. आता नाही वाटत.

सासू : मला वाटलं, तो कागद तिथल्या कपाटात पडेल, उंदीर खातील. कागद आपल्या मागे चालत येतो, हे मला कुणी सांगितलं होतं?

थोरली : मग आता सांगून टाकू या. तुम्ही नाही तर मी सांगते.

सासू : खबरदार! कार्ड बंद झालं तर तुझ्या सासऱ्यांचं काय? आठवड्यातून दोनदा त्यांचं रक्त मशीनमध्ये धुवायला जातं, याच कार्डावर. मागे एक खेप चुकली तर पायांचे खांब झाले होते, रात्रभर उशाला टेकून श्वास ओढत होते. दोन चुकल्या तर? सांग ना. एका हातात नवरा, दुसऱ्या हातात सून. कुठला हात सोडू?

थोरली : आई, तिच्याकडे वेळ नाही.

सासू : थांब, आतून सिस्टर येतेय.

सिस्टर : आजी, आनंदाची बातमी. सुनेला आराम पडला. म्हणते, दुखायचं एकदम थांबलं.

सासू : बघ! उगाच जीव टांगणीला लावला होतास माझा. चल, ऊठ, चपला घाल.

थोरली : एकदम थांबलं? हळूहळू नाही?

सिस्टर : एकदम. का हो?

थोरली : आई, माझंही एकदमच थांबलं होतं. आठवतं? मी हसले, तुमच्याकडे चहा मागितला. आणि मग ते डॉक्टर धावत आले. म्हणाले, दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं नव्हे, आत फुटलं.

सिस्टर : कुणाचं फुटलं होतं? आजी? मी विचारतेय.

सासू : ऐका बाई. तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलतो. ते खोटं त्याला मी शिकवलंय. अपेंडिक्स काढलं ते हिचं, या थोरलीचं, धाकटीच्या कार्डावर. आतली जी आहे, तिच्या पोटाला अजून सुरी लागलेली नाही. जा, पदर बाजूला करून बघा, एक खूण सापडते का.

सिस्टर : अरे देवा. थांबा इथेच.

थोरली : आई...

सासू : रडू नकोस. रडायला खूप वेळ मिळणार आहे.

सिस्टर : एकही खूण नाही. पोट फळीसारखं झालंय. मीच आधी बघायला हवं होतं. गाडी बोलावलीय, निघालीय. पण आजी, मला हे वर लिहून पाठवावं लागेल. नाहीतर मोठ्या दवाखान्यातही पहिल्यांदा तेच वाचतील आणि तिथेही वेळ जाईल.

सासू : मग जुनं पुसून टाका.

सिस्टर : पुसता येत नाही. त्याच्याखाली नवं लिहिता येतं. कुणी सांगितलं, तेही. आणि एकदा लिहिलं की चौकशी होईपर्यंत कार्ड थांबतं. घरातल्या सगळ्यांचं.

सासू : परवा यांची खेप आहे.

सिस्टर : माहीत आहे मला. परवाच्या यादीत आजोबांचं नाव मीच घातलंय. लिहू?

सासू : लिहा. सासूने सांगितलं, सासूनेच केलं, असं लिहा. सुनांचं नाव मध्ये आणू नका, त्या बिचाऱ्या मी सांगेन तेच करतात. थोरले, मान हलवू नकोस.

थोरली : आणि बाबांना काय सांगायचं?

सासू : मी सांगेन. चाळीस वर्षं माझं ऐकलं त्या माणसाने. हेही ऐकेल. तू गाडीत तिच्याजवळ बस. कुणी विचारलं तर स्वतःचं नाव सांग, स्वतःचं. कळलं?

सिस्टर : आजी, ती तुम्हाला बोलावतेय. जा, पण तिला उठून बसू देऊ नका.

धाकटी : आई, बरं वाटतंय हो मला. आता घरी जाऊ या ना? गिरणी उघडायची राहिलीय.

सासू : जायचं हं, बाळा. गाडी येतेय. तू नुसती पडून राहा.

धाकटी : बाळा म्हणालात? एवढी आजारी आहे का मी?

सासू : गप्प पड म्हटलं ना!

धाकटी : आई, तुमचा हात किती गार लागतोय.

सासू : माझा नाही गं. तुझं अंग तापलंय.