कड्याखालची हत्यारं

सुलक्षणा : काका, ती पहार सोडा बरं. उजवा हात महिनाभर हलवायचा न्हाई म्हणून डॉक्टरांनी बजावलंय.

सोनबा : डाव्यानं ढकलतो. तू टेम्पोत चढ अन् वडून घे. आठाच्या आत खाण रिकामी झाली पायजे.

सुलक्षणा : तुमचीच हत्यारं, मग चोरावानी घाई कशापायी?

सोनबा : आठाला मानसिंग मुकादम माणसं घिऊन येतो. हत्यारं दिसली की लावतो त्यांना कड्याखाली.

सुलक्षणा : त्यांना सांगितलं न्हाई?

सोनबा : किती सांगू? माझ्या खांद्यावर धोंडा पडला तवा वर बोटभर चीर व्हती. काल बघितलं, आख्खा हात आत जातोय. मालक म्हणतो, मार बसल्यापास्नं सोनबा भित्रा झालाय.

सुलक्षणा : समदं उत्रोलीला आमच्या खळ्यात उतरवू. पण ड्रिल मशीन राहिलं की.

सोनबा : ऱ्हाऊ दे. कड्याच्या पार बुडाशी हाय ते.

सुलक्षणा : मशीन हितं ऱ्हायलं तर काम थांबंल व्हय?

सोनबा : ...न्हाई थांबायचं. दोर आण. टेम्पोनं वडू.

मानसिंग : ओ सोनबादादा! मशीन कुठं चाललं? मालक माझी गचांडी धरंल!

सोनबा : धरू दे. मानसिंग, वर बघ.

मानसिंग : माती गळतीया. रोजच गळती.

सोनबा : त्या कपारीत रोज पारवं बसत्यात. आज एक तरी दिसतंय?

मानसिंग : ...न्हाई.

सुलक्षणा : मानसिंगभाऊ, मशीनला दोर बांधा. काकांचा एकच हात चालतोय, मला टेम्पो चालवायचाय.

मानसिंग : ए गेनू! खाली उतरू नगं! समद्यांना रस्त्यावरच थांबव! ...बांधला. वडा, ताई! दादा, माझा खांदा धरा, पळा!

(टेम्पो चढ चढतो. मागं कडा ढासळल्याची लांबलचक घरघर. मग नुसती धूळ.)

सुलक्षणा : आपण आत्ता हुबं व्हतो, ती जागाच दिसत न्हाई.

सोनबा : तिकडं बघू नगंस. गाडी बंद कर.

मानसिंग : दादा, मालकाला फोन लावलाय. इचारतोय, पलीकडचा कडा शाबूत हाय का. असला तर दुपारपास्नं काम तिकडं लावा म्हणतोय.

सुलक्षणा : माणसांचं काय इचारलं?

मानसिंग : काय न्हाई. ...दादा, काय सांगू त्याला?

सोनबा : फोन ठेव. आधी रस्त्यावरच्या एकेका माणसाचं नाव घे. मोठ्यानं.